केप्लरची आई

अकरावीच्या फिजिक्समध्ये केप्लरचे तीन नियम होते. आमचे सर फळ्यावर एक लंबवर्तुळ काढायचे, त्याच्या एका नाभीत सूर्य ठेवायचे आणि म्हणायचे, "हे चार मार्कांना येतं, पाठ करा." आम्ही पाठ केलं. ग्रहाच्या प्रदक्षिणेच्या काळाचा वर्ग हा त्याच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो, वगैरे. हा केप्लर कोण, कुठला, त्याला आई होती की नाही असले प्रश्न तेव्हा पडले नाहीत. सीईटीला विचारत नाहीत ना!

गेल्या महिन्यात एका शनिवारी वेळ होता म्हणून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक पुण्यावरून कधी जातं ते सांगणारा छोटासा प्रोग्रॅम लिहीत बसलो होतो. त्यात केप्लरचं समीकरण लागतं. ते शोधता शोधता केप्लरच्या चरित्रात घुसलो (हातातलं काम सोडून भलतीकडे भरकटणं हा आमच्या धंद्यातला जुना आजार आहे) आणि एका ओळीवर अडकलो. १६२० साली हा बादशहाचा गणिती कामधाम सोडून, बायकोमुलांना रेगेन्सबुर्ग गावात ठेवून, दक्षिण जर्मनीत आईचा खटला लढवायला गेला होता. आईवर आरोप होता चेटूक केल्याचा.

ती ओळ मी दोनदा वाचली. ज्या माणसाने ग्रहांच्या कक्षा सोडवल्या त्याच्या आईला चेटकीण ठरवून जाळायला निघाले होते? त्यानंतरचे तीन शनिवार-रविवार ह्याच्यात गेले. अवकाश स्थानकाचा प्रोग्रॅम अजून अर्धवटच आहे. असो.

तिचं नाव काथारिना. माहेरचं आडनाव गुल्डेनमान. जन्म १५४७ च्या आसपासचा, लेओनबर्ग गावाशेजारच्या एल्टिंगेनमध्ये. हा सगळा भाग व्युर्टेंबर्गच्या ड्यूकच्या राज्यातला, आजच्या स्टुटगार्टच्या जवळचा. वडील खानावळ चालवायचे आणि गावचे पाटीलही होते, म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी. १५७१ मध्ये तिचं हाइनरिश केप्लरशी लग्न झालं आणि त्याच वर्षी २७ डिसेंबरला योहानेस झाला. नवरा भाडोत्री सैनिक. घरी कमी, लढाईवर जास्त. १५८९ मध्ये तो घरातून गेला तो पुन्हा परत आलाच नाही. पोरं तिनेच वाढवली. शेतीचे तुकडे, कोर्टकचेऱ्या, उसनवारी, सगळं तिनेच पाहिलं. तिला लिहितावाचता येत नव्हतं. थोरल्या मुलाचं पत्र आलं की ते गावातल्या शाळामास्तरकडून वाचून घ्यायची. (हा शाळामास्तर लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.)

योहानेस सहा वर्षांचा असताना, १५७७ मध्ये, एक मोठा धूमकेतू दिसला होता. तो पाहायला त्याला उंच जागेवर घेऊन गेली ती हीच आई. हे केप्लरने स्वतः लिहून ठेवलंय. आकाशाकडे पाहायला पहिल्यांदा कोणी शिकवलं ह्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर इथे मिळतं.

आता १६१५ साल. काथारिनाचं वय ६८ च्या आसपास. थोरला मुलगा लिंत्झला, ऑस्ट्रियात, बादशहाचा गणिती म्हणून नावारूपाला आलेला. मुलगी मार्गारेटा एका पाद्र्याची बायको. धाकटा क्रिस्टोफ गावातच कथलाची भांडी ओतणारा. मधला हाइनरिश, बापाच्याच वळणावर गेलेला, फिट्स येणारा, बरीच वर्षं सैन्यात काढून घरी परतलेला. एकदा घरात मनासारखं मांस खायला मिळालं नाही म्हणून हा पठ्ठ्या गावभर आई चेटकीण आहे म्हणून बोंबलत फिरला. त्याच वर्षी तो वारला, पण बोललेला शब्द गावात राहिला.

गावात उर्सुला राइनबोल्ड नावाची बाई होती, काचकाम करणाऱ्याची बायको. तिचं आणि केप्लर घराण्याचं देण्याघेण्यावरून वाजलेलं होतं. तिला पोटाचं आणि डोक्याचं जुनं दुखणं होतं. एक दिवस तिला आठवलं की काही वर्षांपूर्वी काथारिनाने आपल्याला काहीतरी कडू प्यायला दिलं होतं, आणि दुखणं तेव्हापासून आहे. काही वर्षांपूर्वी, बरं का. इतकी वर्षं आठवलं नव्हतं.

काथारिनाला झाडपाल्याची आवड होती. कथलाच्या भांड्यात वनस्पती घालून ठेवलेलं पेय तिच्या घरात असायचं आणि आल्यागेल्याला ती ते पाजायची. आपल्याकडे आजी काढा पाजते तसंच. गंमत म्हणजे त्याच लेओनबर्गमध्ये १६१४ पर्यंत थोरल्या ड्यूकची विधवा सिबिला राहत होती. तिची मोठी देखणी बाग होती आणि तिलाही औषधं तयार करण्यात रस होता. डचेसने अर्क काढला की ते दान आणि विद्या. खानावळवाल्याच्या मुलीने काढला की चेटूक!

उर्सुलाचा भाऊ राजघराण्याच्या पदरी न्हावी होता. त्या काळात न्हावी म्हणजे अर्धा शल्यवैद्य. ऑगस्ट १६१५ मध्ये तो गावात आला, इथल्या फोग्टबरोबर दारू प्यायला बसला. फोग्ट म्हणजे ड्यूकचा स्थानिक अधिकारी, आपला मामलेदारच समजा. त्याचं नाव लुथेरुस आइनहॉर्न. दोघांनी काथारिनाला बोलावून घेतलं. न्हाव्याने तलवार उपसली आणि म्हणाला, माझ्या बहिणीवर जे केलंयस ते उलटव, तिला बरी कर.

इथे जरा थांबून ह्या सापळ्याकडे बघा. ती "बरी करते" म्हणाली तर आजारी तिनेच पाडलं हे कबूल झालं. "मला येत नाही" म्हणाली तर समोर तलवार. ६८ वर्षांची बाई, एकटी, दोन दारू प्यायलेले पुरुष, आणि त्यातला एक खुद्द सरकार. ती बधली नाही. मी काही केलेलं नाही, मी काही करणार नाही, एवढंच ती म्हणत राहिली.

घरच्यांनी मग राइनबोल्ड कुटुंबावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. म्हणजे कोर्टात आधी गेल्या त्या काथारिनाबाईच, फिर्यादी म्हणून. पण दावा चालवायचा कोणी? त्याच आइनहॉर्नने, जो तलवारीच्या प्रसंगात स्वतः हजर होता. दावा उभा राहिला असता तर ह्याची नोकरी अडचणीत आली असती. साहजिकच तारखा पडत गेल्या. (तारीख पे तारीख हा शोध आपला नाही हे कळून थोडं बरं वाटलं.)

मार्गारेटाने ऑक्टोबरमध्ये लिहिलेलं पत्र लिंत्झला योहानेसच्या हातात पडलं ते डिसेंबरच्या शेवटी. २ जानेवारी १६१६ ला त्याने लेओनबर्गच्या पंचांना खरमरीत पत्र लिहून सगळ्या कागदपत्रांच्या नकला मागवल्या. 

दाव्याची सुनावणी होणार असं वाटत असतानाच, ऑक्टोबर १६१६ मध्ये, आणखी एक प्रकार घडला. काही मुली डोक्या-खांद्यावरून विटा वाहून नेत होत्या. अरुंद वाटेवर काथारिना समोरून आली. त्यातल्या एका लहान मुलीच्या हातावर म्हणे तिने फटका मारला, आणि मुलीचा हात बधिर झाला. काही दिवसांत हात बराही झाला, पण तोवर आइनहॉर्नला हवं ते मिळालं होतं. तो स्टुटगार्टला अहवाल पाठवणार म्हटल्यावर काथारिनाने मोठी चूक केली. अहवाल पाठवू नका, माझा दावा चालवा, मी तुम्हाला चांदीचा पेला देते, असं तिने त्याला सांगितलं. तिने जन्मभर पाहिलेल्या जगात कामं अशीच होत असणार. आइनहॉर्नने हेही अहवालात घातलं. फिर्यादी बाई एका रात्रीत आरोपी झाली.

मुलांनी तिला डिसेंबर १६१६ मध्ये लिंत्झला हलवलं. नऊएक महिने ती थोरल्या मुलाकडे राहिली. पण परक्या देशात तिचं मन रमेना. "मी काही केलेलं नाही तर लपून का राहू?" हा तिचा खाक्या. १६१७ मध्ये ती परतली, पाठोपाठ योहानेसही जाऊन आला, पण काहीच हललं नाही.

ह्याच काळात केप्लरच्या स्वतःच्या घरात काय चाललं होतं? सप्टेंबर १६१७ मध्ये त्याची एक छोटी मुलगी गेली. फेब्रुवारी १६१८ मध्ये दुसरी गेली, अवघ्या काही महिन्यांची. तिचं नाव आजीचंच, काथारिना. ग्रहांच्या कोष्टकांचं किचकट काम त्याने बाजूला ठेवलं, कारण त्याला लागणारी शांतता डोक्यात नव्हती, आणि तो विश्वातल्या सुसंवादावरच्या पुस्तकाकडे वळला. ८ मार्च १६१८ ला त्याला एक कल्पना सुचली, आकडेमोडीत चूक झाली म्हणून त्याने ती टाकून दिली, १५ मेला पुन्हा हातात घेतली आणि ती बरोबर निघाली. हाच तो तिसरा नियम. आमचा चार मार्कांचा. त्यानंतर आठच दिवसांनी, २३ मेला, प्रागच्या किल्ल्यात दोन राजप्रतिनिधींना खिडकीतून खाली फेकलं गेलं आणि तीस वर्षांचं युद्ध सुरू झालं.

हे वाचल्यापासून तो नियम मला पूर्वीसारखा दिसत नाही एवढं खरं.

७ ऑगस्ट १६२० च्या रात्री माणसं हॉयमाडेनला मार्गारेटाच्या घरी आली. काथारिना तेव्हा तिथे मुलीकडे होती. म्हातारी झोपली होती. गावात गडबड नको म्हणून तिला एका लाकडी पेटीत घालून उचलून नेलं. कपडे ठेवायची पेटी असते ना, तसली. वय ७३ च्या आसपास.

धाकट्या क्रिस्टोफला आणि पाद्री जावयाला लोकलाजेची भीती होती. क्रिस्टोफला आपल्या गावात हा तमाशा नको होता. खटला ग्यूग्लिंगेन ह्या दुसऱ्या गावी हलवला गेला. तिथे तिला साखळीने बांधून ठेवलं, पहाऱ्याला दोन माणसं, आणि त्या दोघांचा खर्च म्हातारीच्याच मालमत्तेतून. चुलीत लाकडं ते सढळ हाताने जाळायचे, बिल हिच्या नावावर. योहानेस सप्टेंबरच्या शेवटी पोचला आणि पुढचं वर्षभर ह्याच कामात राहिला. कोर्टाच्या एका नोंदीत कारकुनाने लिहून ठेवलंय की आरोपी हजर आहे, आणि दुर्दैवाने तिच्याबरोबर तिचा मुलगा गणिती योहानेस केप्लरही आहे. त्यातलं ते "दुर्दैवाने" वाचून मी एकटाच खोलीत हसलो.

आरोप एकूण ४९. त्यातले काही नमुने असे. शिंप्याची पोरं मेली, कारण ती त्यांच्या पाळण्यावर वाकली होती. खाटकाच्या मांडीत कळ आली, कारण ती बाजूने गेली होती. शाळामास्तर (तोच तो, पत्रं वाचून दाखवणारा, केप्लरच्या लहानपणीचा सोबती) पांगळा झाला, कारण त्याने तिच्याकडे कथलाच्या भांड्यातून वाईन प्यायली होती. बंद दारातून ती आत येते. आणि कबरी खोदणाऱ्याला तिने आपल्या बापाची कवटी मागितली होती.

ह्यातली शेवटची गोष्ट खरी होती! जुन्या काळी लोक पूर्वजांच्या कवटीचा पेला करायचे असं तिने एका प्रवचनात ऐकलं होतं, आणि तसा पेला चांदीत मढवून थोरल्या मुलाला द्यावा असं तिच्या मनात आलं. कबर खोदणारा नको म्हणाला, तिने विषय सोडला. पण सांगा बरं, कोर्टात हे कसं दिसत असेल.

शिवाय ती रडत नाही हाही मुद्दा होता. चेटकिणीला अश्रू येत नाहीत अशी समजूत होती. तिचं उत्तर असं होतं की आयुष्यात इतकं रडले आहे की आता उरलं नाही.

आता केप्लरने काय केलं ते, कारण माझ्यासारख्याला खरा रस तिथे वाटला. त्याने पहिली मागणी केली की सगळं लेखी चालवा. तोंडी बोलणी नकोत, प्रत्येक आरोप कागदावर, प्रत्येक साक्ष कागदावर, उत्तरही कागदावर. नोकरीला लागल्यावर मॅनेजरने पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं होतं, "जे काय आहे ते मेलवर घे."

मग त्याने एकेक आरोप सुटा केला. उर्सुला आजारी होती हे खरं. पण तिचं दुखणं त्या पेयाच्या आधीपासूनचं आहे आणि तिने आधी घेतलेल्या औषधांतून आलेलं आहे. मुलीचा हात बधिर झाला हे खरं. पण पोरीने विटांचं ओझं किती उचललं होतं ते बघा, आणि हात काही दिवसांत बरा झाला हेही बघा. शाळामास्तर लंगडतो हे खरं. पण त्याने एका खड्ड्यावरून उडी मारली होती आणि तेव्हा दुखापत झाली होती. आईच्या जबाबांत विसंगती आहे? आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला वर्षानुवर्षांपूर्वीचं तारीखवार आठवत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या इथे मागे एकदा शुक्रवारी रात्री सर्व्हर बसला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं होतं की दोन महिन्यांपूर्वी सोडून गेलेल्या एका मुलाने काहीतरी घोळ करून ठेवलाय. तो कोणाशी फारसा बोलायचा नाही, डबा एकटा खायचा. मग कोणीतरी लॉग उघडले. डिस्क भरली होती, बस. लॉग उघडेपर्यंत आम्ही त्या मुलाबद्दल काय काय आठवून काढलं होतं ते आता सांगायलाही लाज वाटते. आधी माणूस ठरतो, पुरावा मग आठवतो. केप्लरने केलं ते एवढंच, त्याने लॉग उघडले. फरक हा की इथे चुकीच्या उत्तराची शिक्षा जिवंत माणसाला होणार होती.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. चेटकिणी नसतातच असं केप्लरने कुठेही म्हटलं नाही. माझी आई चेटकीण नाही, एवढंच त्याने सिद्ध केलं. सुरुवातीला मला ह्याचा रागच आला. इतका मोठा वैज्ञानिक आणि एवढं साधं वाक्य लिहवलं नाही? त्याच्या आधी, १५६३ मध्ये, योहान वायर नावाच्या डॉक्टरने ह्या बायका आजारी आणि भोळ्या असतात असं पुस्तक लिहिलं होतं. त्याच्यानंतर, १६३१ मध्ये, फ्रीडरिश श्पे ह्या पाद्र्याने छळ करून घेतलेल्या कबुलीजबाबाला काही किंमत नाही हे खणखणीत मांडलं (पुस्तकावर नाव न घालता). मग केप्लर का नाही?

विचार केल्यावर वाटलं, त्याला पुस्तक लिहायचं नव्हतं, आई सोडवायची होती. कायदा चेटूक मानत होता. १५३२ च्या साम्राज्याच्या फौजदारी कायद्यात चेटकाने इजा करणाऱ्याला जाळण्याची शिक्षा होती. पण त्याच कायद्यात हेही होतं की पुरेसा पुरावा असल्याशिवाय यातना देता येणार नाहीत, आणि आरोपीला बाजू मांडता येईल. केप्लरने त्या दुसऱ्या कलमावर सगळं वजन टाकलं. १२८ पानांचं शेवटचं बचावपत्र तयार झालं, त्यातला बराच भाग त्याच्या स्वतःच्या अक्षरात आहे. पद्धत अशी होती की अवघड खटल्याचे कागद ट्युबिंगेन विद्यापीठाच्या कायदा विभागाकडे सल्ल्याला जायचे. केप्लर तिथलाच विद्यार्थी, आणि त्या विभागात क्रिस्टोफ बेझोल्ड हा त्याचा जुना मित्र होता. हेही लपवायचं कारण नाही. न्याय मिळाला तो कागदांमुळे, आणि ते कागद लिहिता येणारा, ओळखीपाळखी असणारा मुलगा होता म्हणून. ज्यांचा मुलगा बादशहाचा गणिती नव्हता त्यांचं काय? आइनहॉर्न ह्या एकट्या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत, १६१३ ते १६२९, पंधरा बायकांवर आरोप झाले आणि आठ जणी मारल्या गेल्या. अख्ख्या युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकांत ४० ते ६० हजार माणसांना ह्या गुन्ह्यासाठी मारलं असा आजच्या इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यात चारातल्या तीनहून जास्त बायका.

ट्युबिंगेनचा निर्णय सप्टेंबर १६२१ मध्ये आला. आरोप पूर्ण सिद्ध नाहीत, पूर्ण फेटाळताही येत नाहीत. तेव्हा म्हातारीला यातना देऊ नका, पण यातनांची हत्यारं दाखवा. जल्लादाने ती एकेक समजावून सांगावीत आणि घाबरून ती कबूल करते का बघावं. ह्या प्रकाराला तेव्हा रीतसर कायदेशीर नाव होतं.

२८ सप्टेंबर १६२१. काथारिना सुमारे ७४ वर्षांची, तेरा महिन्यांहून जास्त काळ साखळीत. तिला त्या खोलीत नेलं. समोर जल्लाद आणि हत्यारं. तिने सांगितलं की माझ्या अंगातली एकेक शीर ओढून काढलीत तरी माझ्याकडे कबूल करायला काही नाही. मग गुडघ्यांवर बसून तिने प्रार्थना म्हटली. मी चेटकीण असेन तर देवाने आत्ताच खूण दाखवावी, आणि मला मारलंत तर खरं काय ते तो उघड करील, अशा अर्थाचं ती बोलली. अधिकाऱ्यांनी ते सगळं लिहून घेतलं आणि तिला परत नेलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिची सुटका झाली.

मुलाची १२८ पानं एका बाजूला आणि हे एक वाक्य दुसऱ्या बाजूला. ह्या दोन्हींपैकी एक जरी नसतं तरी ती वाचली नसती. त्या खोलीत तिच्या तोंडून नुसतं "हो" निघालं असतं तर सगळी पानं वाया गेली असती. त्या खोलीत केप्लर नव्हता. ती एकटी होती, सहा वर्षांपूर्वी तलवारीपुढे होती तशीच.

लेओनबर्गला ती परत जाऊ शकली नाही. लोक मारायला टपलेले होते. १३ एप्रिल १६२२ ला ती वारली. सुटून जेमतेम सहा महिने झाले होते.

केप्लरच्या बाबतीत दोन गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत. पहिली अशी की पंचविशीत असताना त्याने घरच्या सगळ्यांच्या पत्रिका मांडून त्यांचे स्वभाव लिहून ठेवले होते. त्यात आईबद्दल लिहिलं होतं की बुटकी, बारीक, सावळी, बडबडी, भांडखोर. पुढे चरित्रकारांनी हेच उचललं, आणि आर्थर कोस्लरच्या १९५९ च्या प्रसिद्ध पुस्तकात तर ती एक भयंकर म्हातारीच होऊन बसली. २०१५ मध्ये उलिंका रुब्लाक ह्या इतिहासकार बाईंनी खटल्याचे मूळ कागद वाचून दाखवून दिलं की कागदांतली काथारिना वेगळीच आहे. कष्टाळू, स्वतःचं घर चालवणारी, आणि गावातल्या इतर कोणाही म्हातारीइतपतच तोंडाळ. 

दुसरी गोष्ट म्हणजे त्याची 'सोम्नियुम', म्हणजे 'स्वप्न'. १६०९ च्या सुमारास त्याने चंद्रावरच्या प्रवासाची एक कथा लिहिली. चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल हे समजावणारी. तिच्यातल्या नायकाची आई वनौषधींच्या पिशव्या विकते, आणि एका आत्म्याला बोलावून मुलाला चंद्राची माहिती मिळवून देते. ह्या हस्तलिखिताची एक प्रत बाहेर गेली, त्यावर न्हाव्यांच्या दुकानांतून चर्चा झाली, आणि आईवरच्या संशयाची ठिणगी तिथूनच पडली असं केप्लरला पुढे वाटू लागलं. त्याने त्या छोट्याशा कथेला २२३ टिपा जोडल्या. छापून आली ती १६३४ मध्ये, तो गेल्यावर चार वर्षांनी. खटल्याच्या कागदांत ह्या कथेचा संबंध दिसत नाही असं रुब्लाकबाई म्हणतात. म्हणजे बहुधा त्याचा दोष नव्हता. पण दोष आपलाच असं वाटत राहणं आणि २२३ टिपा लिहीत बसणं, हे मला खूप ओळखीचं वाटलं.

कारण एक दोष माझाही आहे.

आमच्या आजोळी, सातारा जिल्ह्यात, गावाच्या कडेला एक म्हातारी राहायची. एकटी. दोन म्हशी होत्या, ताक विकायची. जिभेला तिखट. आम्हा पोरांना सांगितलेलं असायचं की तिच्या हातचं काही खायचं नाही. तिची नजर चांगली नाही, ती करणी करते. मी सात-आठ वर्षांचा असताना मे महिन्यात एकदा तिने मला हाक मारून गुळाचा खडा दिला आणि मी खाल्ला. त्या रात्री सडकून ताप भरला, उलट्या झाल्या. आजीने मीठमोहरी उतरवून टाकली आणि विचारलं, "तिनं दिलं होतं ना रे काहीतरी?" खोलीत पाचसहा मोठी माणसं होती. सगळी माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली. 

त्याच दुपारी भर उन्हात झाडावर चढून मी दहाबारा कच्च्या कैऱ्या खाल्ल्या होत्या. ते मात्र मी कोणाला सांगितलं नाही, कारण मार बसला असता.

पुढच्या सुट्टीत गेलो तेव्हा तिच्याकडचं ताक कोणी घेत नव्हतं. कोणी तिला मारलं नाही, गावाबाहेर काढलं नाही, कोर्टकचेरी तर नाहीच. नुसतं ताक बंद झालं. तिच्या म्हशी विकल्या गेल्या असं नंतर कानावर आलं, आणि मग कधीतरी ती गेली हेही. २०१३ मध्ये, डॉ. दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यानंतर, आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि कोणावर करणीचा ठपका ठेवून त्रास देणं हा गुन्हा ठरला. पण ताक न घेणं हा कुठल्याच कायद्यात गुन्हा नाही, होऊही शकत नाही.

विटा वाहणाऱ्या त्या लहान पोरीबद्दल वाचलं तेव्हा ती खोली आठवली. तिलाही कोणीतरी विचारलं असेल, "तिनं मारलं ना गं हातावर?" आणि विटा फार होत्या, हात दुखत होता, हे सांगण्यापेक्षा मान हलवणं सोपं वाटलं असेल. मोठ्यांना हवं असलेलं उत्तर पोरांना बरोबर कळतं.

तिच्या बाबतीत निदान चार वर्षांनी का होईना कोणीतरी कागद घेऊन बसला आणि विटांचं ओझं किती होतं ते विचारलं. मला कैऱ्यांबद्दल कोणी विचारलं नाही. आज पहिल्यांदा सांगतोय.